पुढच्याला ठाऊकच नसलेली शर्यत

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४४. रोज कामावर सायकलने जाणं-येणं, सुट्टीला एखादी लांबची फेरी. पुढे कुणी सायकलवाला दिसला की डोक्यात शर्यत सुरू होते. मी ब्रेकअवेमध्ये, म्हणजे घोळक्यातून पुढे निसटलेल्यांत असतो, चढावर इटलीचा चढवीर पांतानी असतो, कॉमेंटेटर माझं नाव घेत असतो. त्या माणसाला मागे टाकल्याशिवाय चैन पडत नाही. यात काही गैर आहे का? याने माझं सायकलिंग सुधारतंय की बिघडतंय? आणि हल्ली १२ वर्षांची मुलगी माझ्यासोबत येते, ती तर मोठमोठ्याने कॉमेंट्री करत सायकल चालवते. तिला थांबवावं का?

गैर काही नाही, आणि तुम्ही एकटेही नाही. हौशी सायकलस्वारांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. नोकरी-संसार सांभाळून पहाटे बाहेर पडणारी ही मंडळी. यांतला जवळपास प्रत्येक जण सायकलवर बसला की मनाने दुसराच कुणीतरी होतो. विचारलं तर आधी हसून उडवून लावतात, ओळख मुरली की हळूच सांगतात. एक हिशेबनीस आहेत, चढ लागला की ते कोलंबियाचे चढवीर होतात. एक बाई शाळेत गणित शिकवतात. घर दोन किलोमीटरवर आलं की त्यांच्यामागे अख्खा पेलोटॉन, म्हणजे शर्यतीतला मुख्य घोळका लागतो, आणि त्या पेलोटॉनला आजवर त्या काही सापडलेल्या नाहीत.

अमेरिकेत रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सायकलस्वारांना श्रेणी दिल्या जात: पाचवी नवख्यांची आणि तिथून चढत चढत पहिली. त्यावरून तिथल्या लोकांनी कामावर जाता-येता रंगणाऱ्या या गुपचूप शर्यतींना चेष्टेने ‘सहावी श्रेणी’ असं नाव पाडलं. परवाना लागत नाही, प्रवेश फी नाही, आणि निम्म्या स्पर्धकांना आपण स्पर्धेत आहोत याचा पत्ता नसतो.

नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. समोरच्याला कळता कामा नये. त्याला ओलांडताना तोंड मिटलेलं, श्वास नाकाने, चेहरा असा की आम्ही आपले सहज पुढे निघालोय. ओलांडल्यावर पन्नासेक मीटर तसाच दम कोंडायचा आणि मग तोंड उघडायचं. मागे वळून बघायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर काखेखालून. आपल्यालाच कुणी मागे टाकलं तर मान खाली घालून कॅसेटकडे, म्हणजे मागच्या चाकाच्या गिअरच्या चकत्यांकडे बघायचं, जणू गिअर अडकलाय. आणि समोरचा मध्येच एखाद्या गल्लीत वळला, तर त्याने शर्यत सोडली असं धरून विजय आपल्या नावावर मांडायचा. (समोरची सायकल इलेक्ट्रिक निघाली तर निकाल रद्द. हा नियम मात्र हरल्यावरच आठवतो.)

यातला मिटलेल्या तोंडाचा डाव थेट खऱ्या शर्यतीतला आहे. १९६४ च्या टूर द फ्रान्समध्ये प्युई द डोम या जुन्या ज्वालामुखीच्या डोंगरावर एक टप्पा संपत होता. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी झाक आंकेतीलच्या अंगावर होती आणि त्या दिवशी चढावर त्याच्याहून ताजा असलेला रेमों पुलिदोर शेजारी होता. आंकेतील पार दमला होता. तरी तो पुलिदोरच्या मागे लपला नाही, खांद्याला खांदा घासत बरोबरीने चालवत राहिला, म्हणजे आपला जीव संपत आलाय हे त्याला कळू नये. पुलिदोरने अखेर जोर लावला तेव्हा वरचं टोक जवळ आलं होतं. आंकेतील मागे पडला, पण एकूण वेळेत त्याच्याकडे १४ सेकंद उरले, आणि पॅरिसला पोचेपर्यंत त्यांचे ५५ झाले. पुलिदोरने आयुष्यात आठ वेळा टूर पहिल्या तिघांत संपवली, पण पिवळी जर्सी त्याला एका दिवसासाठीही मिळाली नाही. तेव्हा ऑफिसच्या वाटेवर तुम्ही श्वास कोंडता ते अगदी शास्त्रोक्त आहे. फरक इतकाच, की शर्यत चालू आहे हे पुलिदोरला माहीत होतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सुधारतं की बिघडतं. दोन्ही होतं, आणि काय होणार हे बव्हंशी तुम्ही मनात कोण झालात त्यावर ठरतं.

आधी फायद्याचं बोलू, कारण तो खरा आहे आणि मोजलेला आहे. नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या अधिकृत नोंदी चाळल्या. एकटाच घड्याळाविरुद्ध चालवणारा, पुढे वेग धरून देणारा कुणी असलेला आणि प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्याशी भिडणारा, अशी तुलना केली तर एकटा माणूस सर्वांत हळू निघाला. यात वाऱ्याच्या आडोशाचाही हात होताच. म्हणून त्याने वारा वगळून बघायला मुलांच्या हाती मासेमारीची रिळं दिली आणि ती एकट्याने आणि जोडीने फिरवायला लावली. आजच्या कसोट्या लावल्या तर त्या रिळांचा निकाल बेताचाच दिसतो, पण सोबत कुणी असलं की माणसाचा जोर बदलतो या विषयाला तिथून तोंड फुटलं. आणि सुरुवात सायकलवाल्यांपासून झाली याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

तुमच्या प्रश्नाला याहून जवळचा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. सराव असलेल्या सायकलस्वारांना जागेवरच्या सायकलवर ४ किलोमीटर चालवायला दिलं. समोरच्या पडद्यावर एक आकृती सायकल चालवत होती. ही तुमचीच आजवरची सर्वोत्तम फेरी आहे, असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात तिची ताकद गुपचूप दोन टक्क्यांनी वाढवून ठेवली होती. ज्या फेरीला ते ‘आपलं सर्वोत्तम’ म्हणत होते तिच्याहून ते वेगात गेले. म्हणजे जी ताकद संपली असं वाटत होतं तिच्या तळाशी थोडी शिल्लक होती, आणि ती काढायला एक खोटा प्रतिस्पर्धी पुरला. माझं लक्ष मात्र त्या दोन टक्क्यांवर जातं. फुगवायचं तर इतकंच. तुमच्याहून दहा-पंधरा टक्के ताकदवान माणसाच्या मागे लागलात तर तो शिल्लक काढत नाही, तुम्हालाच संपवतो.

डोक्यातल्या कॉमेंट्रीचंही तसंच आहे. २०१४ च्या एका अभ्यासात लोकांना स्वतःशी धीराची वाक्यं बोलायला शिकवलं. एका ठरावीक कडक जोराला थकून थांबेपर्यंत ते जितका वेळ टिकत होते, तो वेळ सरासरी १८ टक्क्यांनी वाढला, आणि चालवतानाचा त्रासही त्यांना कमी वाटला. पुढे २०१९ मध्ये आणखी बारकाईने पाहिलं गेलं: १० किलोमीटरच्या फेरीत स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलायचं की ‘तू’ म्हणून? ‘तू’वाले वेगात गेले. ‘मला जमेल’पेक्षा ‘तुला जमतंय, चालव’ हे पायांपर्यंत लवकर पोचतं. कॉमेंटेटर तेच करतो, तो तुमच्याबद्दल बाहेरून बोलतो. येन्स फोग्ट हा जर्मन सायकलस्वार तर थेट स्वतःच्या पायांनाच दटावायचा, गप्प बसा म्हणून, आणि त्याचं ते वाक्य जगभर गाजलं. तेव्हा डोक्यातला आवाज चालू राहू द्या. तो काय बोलतो त्यावर मात्र लक्ष हवं, कारण बिघाड तिथेच सुरू होतो.

माझ्याकडे येणाऱ्या लोकांच्या मनातल्या शर्यतीत एक गोष्ट ठरलेली असते: प्रत्येक जण नायक असतो. एकटा निसटलेला, मागे सगळे झुरत असलेले, पुढे फक्त डोंगर. आता हे बघा, टूरच्या संघात सध्या आठ जण असतात. त्यातले बहुतेक जण तीन आठवडे दुसऱ्यासाठी राबतात, वारा अंगावर घेतात, मागच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या आणून वाटतात. जो नायक तुम्ही होता तो स्वतःसुद्धा दिवसातले चार तास कुणाच्या तरी चाकामागे लपून, अंग चोरून, काहीही न करता घालवतो. टीव्हीवर आपण नेमकी उरलेली वीस मिनिटं बघतो आणि तेवढीच उचलतो. मग रोजची फेरी म्हणजे ती वीस मिनिटंच.

याचा परिणाम मला लोकांच्या नोंदींत सरळ दिसतो. सोप्या दिवशी जरा जास्त जोर, कडक दिवशी आधीच दमलेले म्हणून जरा कमी, आणि सगळा आठवडा मधल्याच कुठल्यातरी जोरात अडकलेला. स्टीफन सायलर या संशोधकाने दमसासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रं हलक्या जोराची निघाली. हौशी माणूस याच्या बरोबर उलटा वागतो, आणि पुढे दिसलेली प्रत्येक सायकल त्यात भर घालते. तुम्ही कामावर जाता-येता आठवड्यातून दहा वेळा शर्यत खेळत असाल आणि वर्षभरात वेग हललेला नसेल, तर कारण इथे शोधा.

वेळेचा हिशेबही एकदा मांडून बघा. दहा किलोमीटर ताशी २५ ने गेलात तर २४ मिनिटं लागतात, २८ ने गेलात तर साधारण साडेएकवीस. जीव काढून वाचवलेली ती अडीच मिनिटं पहिले दोन सिग्नल खातात. आणि जीव निघतोच, कारण हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ३० वरून ३५ वर जायचं म्हणजे वेग सहाव्या हिश्शाने वाढवायचा, पण हवेपोटीची ताकद जवळजवळ ६० टक्के जास्त मोजायची. ओलांडल्यावर लगेच दम संपतो तो यामुळे. आणि ज्याला ओलांडलं तो शांतपणे तुमच्या मागच्या आडोशात येऊन बसला तर त्याला पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचवून तोच वेग मिळतो. सहाव्या श्रेणीत हे कुणी शिकवत नाही.

पांतानीचं काय? मार्को पांतानी ५७ किलोच्या आसपासचा माणूस. हँडलच्या खालच्या वाकावर हात, खुर्चीवरून उठलेला, आणि तसाच चढ चढत राहायचा. १९९८ मध्ये त्याने एकाच वर्षी जिरो, म्हणजे इटलीची मोठी शर्यत, आणि टूर दोन्ही जिंकल्या. (त्या काळावर डोपिंगची दाट सावली आहे, हे विसरून ते आकडे वाचू नयेत.) दिसायला विलक्षण, नक्कल करायला महागडं. उभं राहून चालवताना शरीराचं सगळं वजन पायांनी पेलायचं असतं, नाडी चढते. ज्याचं वजन ८० किलो आहे त्याच्यापाशी अशा नकलेने दीड-दोन मिनिटांत उरतो नुसता घाम. शिवाय चढावर आघाडीचे व्यावसायिक अर्धा तास वजनाच्या दर किलोमागे ६ वॅट किंवा त्याहून जास्त ताकद लावतात. चांगला सराव असलेला हौशी माणूस ३ च्या आसपास. तेव्हा त्यांचा आविर्भाव उसना घेता येतो, त्यांचं इंजिन येत नाही.

हीच गत ब्रिटिश सायकलस्वार ख्रिस फ्रूमच्या भराभर फिरणाऱ्या पायांची. त्याचं बघून कित्येकांनी मिनिटाला पायडलच्या १०० फेऱ्यांचा केडन्स धरला. पण जास्त ताकद लावणाऱ्याला वेगाने फिरणारे पाय परवडतात; कमी ताकदीला कमी फेऱ्याच स्वस्त पडतात, कारण पाय नुसते फिरवायलाही ऑक्सिजन लागतो. १५० वॅटला १०० फेऱ्या मारणारा माणूस बराचसा दम स्वतःच्या मांड्या हलवण्यात खर्च करतो. रमतगमत चालवताना तुमचे पाय आपोआप सत्तर-ऐंशीवर येत असतील तर येऊ द्या.

आणि उतार. २०१६ च्या टूरमध्ये फ्रूम पेय्रेसूर्दच्या घाटातून खाली येताना फ्रेमच्या आडव्या दांडीवर बसून, छाती हँडलवर टेकवून, तशातच पायडल मारत निसटला आणि टप्पा जिंकला. ते दृश्य माझ्या ओळखीच्या कितीतरी डोक्यांत घर करून बसलंय. दांडीवर बसण्याची ती पद्धत आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १ एप्रिल २०२१ पासून शर्यतींत बंद केली. रहदारीला बंद केलेल्या, मोकळ्या रस्त्यावर, जगातल्या सर्वांत कुशल सायकलस्वारांना जी मनाई आहे ती तुम्हाला स्पीडब्रेकरच्या रस्त्यावर का नसावी? यावर मी वाद घालत नाही. मनात कुणीही व्हा, उतारावर ब्रेकवर बोटं ठेवलेला नोकरदार माणूसच राहायचं.

मग काय करायचं? पात्र सोडू नका, बदला. फेरीला साजेसा माणूस निवडा. मी लोकांना हे खरोखर करायला लावतो, आणि हृदयाच्या ठोक्यांचे पट्टे समजावून सांगण्यापेक्षा ते लवकर कळतं.

समोरून वारा असेल त्या दिवशी तुम्ही डोमेस्टिक, म्हणजे संघनायकाचे मदतनीस. तुमच्या मागच्या चाकाला नायक चिकटलेला आहे. त्याला वाऱ्यापासून वाचवायचंय, म्हणजे वेगात झटका नको, हिसका नको, वळणातून बाहेर पडताना एकदम जोर नको, नाहीतर तो सुटतो. सांगून बघा कुणाला ‘जोर एकसारखा ठेव’ म्हणून, तीन मिनिटांत विसरतो. ‘मागे नायक आहे’ म्हटलं की तासभर ठेवतो. माझे ते हिशेबनीस, चढावरचे कोलंबियन, ते परतीच्या सपाट रस्त्याला आता नायकाला घरी पोचवतात. कोपर किंचित वाकलेलं, मान खाली, रस्त्यावरचा खड्डा आला की मागे कुणी नसताना हात खाली करून बोटाने दाखवतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी वळून बघितलं, खरंच कोणी मागे आहे का म्हणून.

लांब चढ आणि अंगात वजन, तर पांतानीला सुट्टी द्या आणि मिगेल इंदुराइन व्हा. उंचापुरा, ८० किलोच्या घरातला माणूस. १९९१ ते १९९५ सलग पाच टूर जिंकला. त्या पाच वर्षांत त्याने जिंकलेले टप्पे सगळे टाइम ट्रायलचे, एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचे. डोंगरात तो क्वचितच उसळी घ्यायचा. काटकुळे चढवीर पुढे पळायचे आणि तो आपला वेग न सोडता, चेहऱ्यावरची रेघ न हलवता वर यायचा. चढावर कुणी तुम्हाला ओलांडून गेलं तर पांतानीला त्याचा पाठलाग करावाच लागतो, इंदुराइनला लागत नाही. नुसतं पात्र बदलल्याने चढाची पहिली पाच मिनिटं शहाणपणाने जातात, आणि बहुतेकांचा चढ बिघडतो तो त्या पाच मिनिटांतच.

पाय जड असतील, झोप झाली नसेल, त्या दिवशी ग्रुपेटोत जा. डोंगरी टप्प्यांवर स्प्रिंटर आणि दमलेले मदतनीस मागे राहून आपला एक घोळका करतात. विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त उशीर झाला की शर्यतीतून बाद, म्हणून हे लोक हिशेब करून, एकमेकांना धरून, लागेल तेवढंच चालवतात. पहिला येण्याशी त्यांचा संबंध नसतो. उद्या पुन्हा सायकलवर बसता आलं पाहिजे, एवढंच काम. टूरच्या पर्वतांत नायकांपेक्षा या घोळक्यात जास्त माणसं असतात, आणि हौशी मंडळींत मात्र या पात्राला कुणी विचारत नाही.

कडक दिवसही हवाच. त्या दिवशी खुशाल निसटा, हल्ला करा, कॉमेंटेटरला ओरडू द्या. फक्त तो दिवस आधी ठरवा आणि रस्ताही आधी ठरवा. पुढे दिसलेल्या पाठीने तो ठरवू नये. स्ट्राव्हासारख्या ॲपवर स्वतःच्याच जुन्या वेळेशी झुंजा. तो प्रतिस्पर्धी निदान तुमच्या वजनाचा आणि तुमच्या सायकलचा असतो. जर्सी कुठली घालावी हे मला नेहमी विचारतात. वाट्टेल ती घाला, पिवळीसुद्धा. विश्वविजेत्याचे इंद्रधनुषी पट्टे मी स्वतः घालणार नाही, पण हा नुसता माझा चक्रमपणा.

आता त्या पुढच्या माणसाबद्दल, ज्याला शर्यतीचं काही ठाऊक नाही. त्याला मोबाइल काढायला मध्येच थांबायचं असू शकतं, खड्डा चुकवायला तो एकदम सरकू शकतो. ताशी ३० म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. ब्रेक दाबायचं सुचायलाच एक सेकंद जातो. अनोळखी माणसाच्या चाकाला न विचारता चिकटू नका, कारण तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला लागलं तर बहुधा तुम्हीच पडता. ओलांडायचं तर घंटी वाजवून, पुरेशी जागा सोडून, आणि ओलांडल्यावर वेग टिकवता येणार असेल तरच. ओलांडून लगेच त्याच्यासमोर मंदावणं हा सहाव्या श्रेणीतला सर्वांत वाईट गुन्हा. रात्रभर काम करून घरी निघालेला माणूस असतो तो, आणि आपण त्याच्या चाकापुढे हाशहुश करत उभे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. एरवी कुणीही ओलांडलं तरी शांत असणारे काही पुरुष बाई पुढे गेली की पेटतात. पुढे गेलेल्या बाईला ते मागून येणारे श्वास बरोबर ऐकू येतात, आणि वैताग येतो. माझ्याकडे शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकीने हे कधी ना कधी सांगितलंय. अशांना मी बेरिल बर्टनची गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये १९६७ साली १२ तासांची टाइम ट्रायल होती. पुरुष आधी सोडलेले, बायका मागून. बर्टनने एकेकाला गाठत गाठत पुरुषांत आघाडीवर असलेल्या माइक मॅकनमाराला गाठलं, आणि त्याच्या बाजूने जाताना खिशातली लिकोरिसची गोळी त्याला देऊ केली. त्यानेही ती आभार मानून घेतली. बर्टनने त्या दिवशी १२ तासांत २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर कापले. पुरुषांचा त्या प्रकारातला विक्रम पुढची दोन वर्षं तिच्या या अंतराच्या खालीच राहिला. तुम्हाला कुणी ओलांडलं तर मॅकनमारा व्हायलाही हरकत नाही. तोही त्या दिवशी पुरुषांचा विक्रमच मोडत होता.

आणि मुलगी. थांबवू तर नकाच. चार आणि सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये आला. कंटाळवाणं काम समोर, शेजारी खेळायला टॅब्लेट. जी मुलं आपण बॅटमन किंवा आवडतं दुसरं पात्र आहोत असं मानून काम करत होती, ती सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. बारा वर्षांच्या मुलीला चढावर हेच हवं असतं. पात्र मात्र तिचं तिला निवडू द्या, तुमचे नायक तिच्या गळ्यात बांधू नका. हवी तर एक गोष्ट सांगा. १९२४ च्या जिरोमध्ये, पुरुषांच्या शर्यतीत, अल्फोन्सिना स्त्रादा ही एकटी बाई उतरली होती. पावसाचा, चिखलाचा एक टप्पा आला, तिचं हँडल मोडलं, तर तिने तिथे झाडूचा दांडा बसवून सायकल पुढे काढली. वेळेची मर्यादा हुकल्यामुळे ती क्रमवारीतून बाद झाली, तरी आयोजकांच्या परवानगीने चालवत राहिली आणि मिलानला पोचली. एवढं ऐकून तिचं ती ठरवेल.

नियम दोनच ठेवा. अंतिम रेषा चौकाजवळ किंवा घराच्या फाटकाजवळ नको. गाड्या वळतात तिथे मुलं हमखास शेवटचा जोर लावतात. आणि जिंकल्यावर हात वर करायचे ते दोन्ही बाजूंना एका हाताने वळण्याची खूण करता यायला लागल्यावर, मोकळ्या मैदानात.

तिच्या मोठ्याने बोलण्यात तुमच्यासाठीही एक सोय आहे. जोर हलका आहे की नाही हे ओळखायची सगळ्यात जुनी कसोटी म्हणजे बोलता येणं. पूर्ण वाक्यं सलग बोलता येत असतील तर फेरी हलकी, दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर नाही. तुमची कॉमेंट्री मनातल्या मनात चालते म्हणून ती कसोटी तुम्हाला कधी लागतच नाही. हलक्या फेरीच्या दिवशी तुम्हीही मोठ्याने करा. एक किलोमीटर तिने बोलायचं, एक तुम्ही. ज्याचं वाक्य मध्ये तुटलं त्याने गिअर हलका करायचा आणि माइक दुसऱ्याकडे द्यायचा.